आधी बेघर व्हा, मग अर्ज करा

ब्रिटनमधल्या 2020 च्या एका खटल्याच्या कागदांत मुलाचं नाव डब्ल्यू आणि आईचं जे. ओळख पटू नये म्हणून ही एकेक अक्षरं वापरलेली आहेत, आणि या लेखातही ती तशीच राहतील. मुलगा आठ वर्षांचा, ब्रिटिश नागरिक. आई परदेशातून आलेली, ब्रिटनमध्ये राहण्याचा आणि काम करण्याचा रीतसर परवाना असलेली. मानसिक अपंगत्व असलेल्या माणसांची देखभाल करणं हा तिचा रोजगार. आठ वर्षांचा होईपर्यंत या मुलाला पाच वेळा शाळा बदलावी लागली होती आणि एका टप्प्यावर दोघं मायलेक रस्त्यावर आले होते.

परदेशात बेघर झालेली बाई म्हटली की आपण मनातल्या मनात कारणं जुळवायला लागतो. व्हिसा संपला असेल, कागद नसतील, काम नसेल. इथे कागद होते, काम होतं, आणि मुलाकडे तर त्या देशाचं नागरिकत्वच होतं. तरी छप्पर गेलं. का गेलं याचं उत्तर या कुटुंबाच्या वागण्यात शोधून सापडत नाही; ते आईच्या परवान्यावरच्या एका अटीत आहे. म्हणूनच मला हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं. ही अट आपल्याकडच्याही अनेकांच्या परवान्यावर असते आणि बहुतेकांनी ती कधी धड वाचलेली नसते.

अट

मुलीला, जावयाला किंवा भावाला सोडायला विमानतळावर गेलेल्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबांनी ब्रिटनचं बीआरपी कार्ड, म्हणजे तिथल्या वास्तव्याच्या परवान्याचं ओळखपत्र, हातात घेऊन पाहिलेलं असेल. फोटो, मुदत, कामाची परवानगी आणि त्याच रांगेत 'नो पब्लिक फंड्स'. 2024 च्या अखेरीस ही कार्डं बाद झाली आणि सगळं ई-व्हिसावर गेलं, पण अट कायम आहे. पूर्ण रूपात तिला 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' म्हणतात. सरकारी भत्त्यांच्या यादीतलं काहीही या माणसाला मागता येणार नाही, असा तिचा अर्थ.

यादी लांब आहे. युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी मिळकतीच्या लोकांसाठीचा भत्ता, घरभाड्याची मदत, मुलांसाठीचा चाइल्ड बेनिफिट, कौन्सिलचं म्हणजे स्थानिक पालिकेचं घर आणि बेघर झाल्यावर कौन्सिलकडून मिळणारा निवारा, सगळं तिच्यात येतं. सरकारी शाळा आणि एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचे उपचार मात्र येत नाहीत. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला हे कुटुंब बाकीच्यांसारखंच दिसतं. मूल गणवेश घालून शाळेत जातं, आई कामावर जाते, दोघांची नावं दवाखान्यात नोंदलेली असतात.

ही अट पूर्वीही होती, पण मुख्यतः विद्यार्थी, नोकरीवर आलेले लोक आणि नव्यानं आलेले जोडीदार यांच्यासाठी. जुलै 2012 मध्ये, थेरेसा मे गृहमंत्री असताना, नियम बदलले. ज्यांना मुलांमुळे किंवा कौटुंबिक आयुष्याच्या हक्कामुळे ब्रिटनमध्ये राहू द्यावं लागतं, त्यांच्याही परवान्यावर ती सरसकट यायला लागली. याच लोकांना कायम वास्तव्यासाठी दहा वर्षांची वाट घालून दिली गेली. अडीच वर्षांचा परवाना, तो संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा फी, असं चार वेळा. डब्ल्यूची आई जे हीसुद्धा याच वाटेवर होती.

या वाटेवरचे बहुतेक जण आई-बाप असतात, आणि त्यांना राहू दिलेलं असतं ते मूल तिथलं आहे म्हणून. नागरिक असलेल्या मुलाला देशाबाहेर काढता येत नाही आणि त्याला सांभाळणाऱ्या आईला काढलं तर मुलालाच काढल्यासारखं होतं, इतकं सरकारला मान्य असतं. ते मान्य करून झाल्यावर त्याच मुलाच्या नावचा भत्ता आईच्या परवान्याकडे बोट दाखवून नाकारला जातो. मुलाचा पासपोर्ट आईला देशात ठेवायला पुरतो, मुलाला त्याच्याच सरकारची मदत मिळवून द्यायला पुरत नाही. ही विसंगती सोडवण्याची होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, घाई नव्हती.

हिशेब

जे हिच्या नेमक्या मिळकतीचा हिशेब मी मांडत नाही. तिच्यासारख्या कुणाही केअररचा मांडतो.

एप्रिल 2020 पासून प्रौढांचं किमान वेतन तासाला 8.72 पौंड होतं. आठवड्याला साडेसदतीस तास काम केलं तर 327 पौंड, म्हणजे महिन्याला सुमारे 1,417. कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापून हातात साडेबाराशेच्या आसपास. एकटी आई इतके तास काम करूच शकत नाही, हा यातला पहिला अडथळा. प्राथमिक शाळा साडेतीनच्या आत सुटते. केअररच्या पाळ्या सकाळी सातला सुरू होतात नाहीतर रात्री दहाला संपतात. मधल्या वेळेसाठी मूल सांभाळणारं कुणी ठेवायचं तर त्याचे पैसे तासावर द्यायचे. म्हणून अशा आया कमी तास घेतात, आणि मिळकत आणखी खाली येते.

शेजारच्या घरातली ब्रिटिश आई हेच काम याच पगारावर करत असेल, तर उरलेली दरी सरकार भरून काढतं. भाड्याचा मोठा हिस्सा युनिव्हर्सल क्रेडिटमधून येतो, मूल सांभाळण्याच्या खर्चाचा काही भाग परत मिळतो, चाइल्ड बेनिफिटचे आठवड्याला 21.05 पौंड वेगळे. लंडनचं भाडं आणि केअररचा पगार यांचं गणित मुळात या मदतीशिवाय जमतच नाही. घरमालकालाही ते ठाऊक असतं आणि केअरर पुरवणाऱ्या एजन्सीलाही. कमी पगारावर शहर चालतं, कारण पगाराची तूट सरकार भरतं. ज्यांच्यासाठी ते भरत नाही, त्यांनी कसं राहायचं याची तजवीज कुठेच नाही.

त्यात परवान्याचं नूतनीकरण. 2020 च्या सुरुवातीला अर्जाची फी 1,033 पौंड होती आणि आरोग्य अधिभार वर्षाला 400 प्रमाणे अडीच वर्षांचे 1,000. एकूण 2,033, म्हणजे किमान वेतनावरच्या माणसाचा जवळपास दीड महिन्याचा पूर्ण पगार. हातात काहीच नसेल तर फीमाफीचा वेगळा अर्ज करता येतो, पण त्यासाठीही आपली कफल्लक अवस्था कागदोपत्री सिद्ध करावी लागते. फीसाठी उसनवारी झाली की भाडं थकतं, आणि एकदा थकलेलं भाडं या मिळकतीत भरून निघत नाही.

यातून येणारं बेघरपण पुलाखाली झोपण्यापासून सुरू होत नाही. आधी भाड्याची खोली जाते. मग एखाद्या ओळखीच्या बाईकडे एका पलंगावर दोघं. तिच्याकडे पाहुणे आले, तिच्या घरमालकाला कळलं किंवा ती नुसती कंटाळली, की दुसरं घर, बहुतेकदा शहराच्या दुसऱ्या टोकाला. पत्ता बदलला की शाळा बदलते. मला या प्रकरणातला पाच शाळाबदलांचा आकडा म्हणूनच सगळ्यांत बोलका वाटतो. शाळेच्या दाखल्यांवरून घर किती वेळा मोडलं ते मोजता येतं. प्रत्येक वेळी नवी बाई, नवा वर्ग आणि आपण कुठे राहतो हे वर्गात कुणाला सांगायचं नाही, हेही.

अट काढून घेण्याचा अर्ज

अट उठवता येत नव्हती असं नाही. होम ऑफिसकडे 'चेंज ऑफ कंडिशन्स' नावाचा अर्ज करता येतो. तो मंजूर झाला की त्या परवान्यापुरती अट जाते आणि आईला सरकारी मदत मागता येते.

अडचण होती ती अर्जाच्या कसोटीत. नियमाप्रमाणे अर्जदार निराधार असला पाहिजे, म्हणजे त्याच्याकडे राहायला पुरेसं घर नाही किंवा अत्यावश्यक गरजा भागत नाहीत. मुलाच्या हितासंबंधी विशेष गंभीर कारण असेल तर तेही चालत होतं. पण अधिकाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेचा एकूण रोख असा होता, की मदत द्यायची ती अवस्था येऊन ठेपल्यावर. पुढच्या महिन्यात घर जाणार हे दिसत असलेल्या आईला अट उठवून दिलीच पाहिजे, असं कुठे म्हटलेलं नव्हतं.

पुराव्यांचा जाच निराळा. सहा-सहा महिन्यांची बँक विवरणपत्रं, पगाराच्या पावत्या, भाडेकरार, घर रिकामं करण्याची नोटीस. खात्यात मैत्रिणीनं वीस पौंड टाकले असतील तर ते कुणी, का आणि पुढेही देणार का, याचं स्पष्टीकरण. जिनं उसने दिले तिच्याकडून पत्र. ज्या बाईच्या घरी तात्पुरता आसरा आहे तिच्याकडूनही पत्र, की आता मी यांना ठेवू शकत नाही. ज्यांच्या जिवावर दिवस चालले आहेत त्यांच्याकडून लेखी नकार आणायचा. आणि हे सगळं इंग्रजीत, ऑनलाइन, रात्रपाळी करून आल्यावर. अशा आयांना अर्ज भरायला मदत करण्यासाठी 2017 मध्ये लंडनमध्ये द युनिटी प्रोजेक्ट ही संस्था उभी राहिली. अर्जासाठी एक अख्खी संस्था लागते यातच बरंच काही आलं.

आणखी एक गोम होती. अट उठायची ती चालू परवान्यापुरती. अडीच वर्षांनी नूतनीकरण आलं की सगळं पुन्हा सिद्ध करा, नाहीतर अट परत. मधल्या काळात सरकारी मदतीमुळेच संसार थोडा सावरलेला असतो, आणि सावरलेला संसार हा निराधार असल्याचा पुरावा होत नाही.

कौन्सिलचं दार

या कोंडीत एक दार उघडं असतं. 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टचं कलम 17 सांगतं, की आपल्या हद्दीतल्या गरजू मुलांचं हित जपणं ही स्थानिक कौन्सिलची जबाबदारी आहे. ही मदत 'पब्लिक फंड्स'मध्ये मोडत नाही, त्यामुळे अट असली तरी मागता येते. यातून खोली आणि खाण्यापुरते पैसे मिळू शकतात.

पण या दाराचाही एक इतिहास आहे. उत्तर लंडनच्या बार्नेट कौन्सिलकडे एक आई आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन गेली होती. मूळची सोमाली, नेदरलँड्सची नागरिक. कौन्सिलनं तिला परतीचं तिकीट देऊ केलं. ते नको असेल तर आम्ही मुलाची सोय करू, तुमची नाही, असं सांगितलं. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेला आणि ऑक्टोबर 2003 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी कौन्सिल जिंकली. कलम 17 मुळे विशिष्ट मुलाला त्याच्या आईसह घर मिळण्याचा हक्क तयार होत नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. अल्पमतात लॉर्ड निकल्स आणि लॉर्ड स्टाइन होते.

कौन्सिल पुष्कळदा मदत करते, हेही सांगायला हवं. पण 'मुलाला आम्ही ठेवून घेऊ' हे वाक्य ऐकायला मिळेल या धास्तीनं किती आया त्या दारापर्यंत जातच नाहीत, हे कोणत्याही नोंदीत सापडणार नाही. मूल तोडून नेतील ही भीती रस्त्यावरच्या रात्रीपेक्षा मोठी असते. सल्ला देणाऱ्यांनी पहिल्या भेटीत आधी या भीतीबद्दल बोलावं, कलमांबद्दल नंतर.

गुरुवार, 7 मे 2020

डब्ल्यूच्या नावानं गृहमंत्र्यांविरुद्ध याचिका दाखल झाली. याचिकाकर्ता मूल, आई फक्त त्याच्या वतीनं न्यायालयात उभी राहणारी. ही मांडणी महत्त्वाची होती, कारण अट आईवर होती आणि तिचे फटके एका नागरिकाला बसत होते. गृहमंत्री त्या वेळी प्रीती पटेल होत्या, स्वतः युगांडामार्गे ब्रिटनमध्ये आलेल्या गुजराती कुटुंबातल्या.

उच्च न्यायालयात लॉर्ड जस्टिस बीन आणि जस्टिस चेंबरलेन यांच्यापुढे सुनावणी झाली. युक्तिवादाचा कणा 2005 मधल्या लिम्बुएला खटल्याचा होता. आश्रय मागणाऱ्यांना मदत आणि काम दोन्ही नाकारून उपाशी, उघड्यावर राहण्याची वेळ आणणं हा युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम 3 खालचा अमानुष व्यवहार होतो, असं हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्यात ठरवलं होतं. आणि अशी वेळ अगदी तोंडावर आली, की तेव्हापासूनच ती टाळणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं.

त्याआधीही एक जुना धागा होता. 1803 च्या ईस्टबोर्न खटल्यात लॉर्ड एलेनबरो यांनी म्हटलं होतं, की परदेशातून आलेल्या गरिबांना उपासमारीतून वाचवणं हे माणुसकीच्या कायद्याचं बंधन आहे आणि तो कायदा लिखित कायद्यांच्याही आधीचा आहे. आपल्याकडे असईची लढाई झाली ते हेच वर्ष. 1996 मध्ये अपील न्यायालयानं हे वाक्य धूळ झटकून पुन्हा वापरात आणलं, आणि तेव्हापासून निराधार परदेशी माणसांच्या खटल्यांत ते येत राहिलं.

7 मे रोजी न्यायालयानं निर्णय जाहीर केला. कारणमीमांसा 21 मे रोजी आली. सरकारला ही अट घालण्याचा अधिकारच नाही, असं न्यायाधीश म्हणाले नाहीत. त्यांनी बोट ठेवलं ते क्रमावर. माणूस अमानुष अवस्थेत असेल, किंवा मदतीवाचून लवकरच त्या अवस्थेत जाणार असेल, तर अट घालू नये किंवा घातलेली उठवावी, हे सरकारचं कर्तव्य आहे. नियम आणि मार्गदर्शिका मिळून अधिकाऱ्यांना हे कर्तव्य सांगत नव्हते, उलट ते नाही असाच समज करून देत होते. त्या प्रमाणात ही व्यवस्था बेकायदा ठरली.

वाचताना हा फरक बारीक वाटतो. प्रत्यक्षात घर रिकामं करण्याची नोटीस हातात असलेली आई आणि मुलाला घेऊन बाकावर बसलेली आई यांच्यातलं अंतर तेवढंच असतं.

तो गुरुवार होता. लॉकडाऊनच्या त्या दिवसांत दर गुरुवारी रात्री आठ वाजता ब्रिटनमधले लोक दारात उभे राहून केअरर आणि डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवत होते. आपण थाळ्या वाजवल्या त्याला तेव्हा दीड महिना झाला होता. जे हिच्या व्यवसायाचं इतकं जाहीर कौतुक त्याआधी कधी झालं नसेल, आणि त्याच दिवशी सरकारचे वकील तिच्यासारखीनं मदतीसाठी किती खोल गेलं पाहिजे यावर युक्तिवाद करत होते.

वीस दिवसांनी, 27 मे रोजी, ईस्ट हॅमचे खासदार स्टीफन टिम्स यांनी संसदीय समितीपुढे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना मतदारसंघातल्या एका कुटुंबाबद्दल विचारलं. दोघं नवरा-बायको कमावते, मुलांकडे ब्रिटिश पासपोर्ट, नवऱ्याची मिळकत लॉकडाऊनमध्ये थांबलेली आणि बायकोच्या पगारात भाडंही भागत नाही. जॉन्सन यांनी मध्येच थांबवून विचारलं, की मग ते युनिव्हर्सल क्रेडिट का घेत नाहीत? अटीबद्दल सांगितल्यावर ते म्हणाले, की अशा लोकांना काही ना काही आधार मिळायलाच हवा. त्यांच्याच सरकारचे वकील याच महिन्यात न्यायालयात काय मांडून आले होते, याची त्यांना कल्पना नसावी. मला ही प्रश्नोत्तरं निकालपत्राइतकीच उपयोगी वाटतात. अट किती शांतपणे काम करत होती, ते यातून कळतं.

पुढे

निकालानंतर सूचना बदलल्या, आणि 2020 च्या ऑक्टोबरमध्ये नियमही. आता निराधार होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्यालाही अट उठवून मागता येते. एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या एका मायलेकांच्या खटल्यात न्यायालयानं आणखी एक दोष दाखवला. निर्णय घेताना मुलाचं हित जपण्याचं जे कर्तव्य 2009 च्या कायद्यानं गृहमंत्र्यांवर टाकलं आहे, ते या धोरणात उतरलेलं नाही. शाळेतलं मोफत जेवण लॉकडाऊनमध्ये या अटीखालच्या कुटुंबांतल्या मुलांनाही तात्पुरतं सुरू झालं होतं, ते 2022 मध्ये कायम झालं. मूळ अट आणि दहा वर्षांची वाट मात्र या निकालांनी हलली नाही.

डिपेंडंट व्हिसावर गेलेल्या बायका

नवऱ्याच्या नोकरीमुळे लंडन, रीडिंग किंवा मिल्टन कीन्सला गेलेल्या मराठी मुलीची परिस्थिती जे हिच्यापेक्षा एका बाबतीत कठीण असते. तिचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला बांधलेला असतो. तिच्यावरही हीच अट असते, आणि नवरा मारहाण करणारा निघाला तर घराबरोबर परवानाही धोक्यात येतो. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही 1979 पासून काम करणारी संस्था नेमक्या याच प्रश्नावर वर्षानुवर्षं लढत आली आहे. तिच्यासारख्या संघटनांच्या रेट्यामुळे 2012 मध्ये एक सवलत कायम झाली. छळ सोसणाऱ्या जोडीदाराला तीन महिन्यांचा वेगळा परवाना मिळतो, त्यावर सरकारी मदत घेता येते आणि त्या तीन महिन्यांत कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. पण ही सोय नवरा ब्रिटिश नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्यांसाठी होती.

2024 पासून ही सवलत कामगार आणि विद्यार्थी व्हिसाधारकांच्या जोडीदारांनाही लागू झाली, म्हणजे आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेक जणींना. तीन महिन्यांचा परवाना, आसरागृहात जागा, हातात थोडे पैसे, इथवर दोन्ही प्रकारच्या बायकांना सारखंच. कायम वास्तव्याच्या अर्जाचा रस्ता मात्र कामगार आणि विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना जोडून मिळालेला नाही. तीन महिन्यांत त्यांनी दुसरा एखादा व्हिसा मिळवायचा, नाहीतर मुलांना घेऊन परतायचं. म्हणून अशा मुलीच्या आईवडिलांनी इथून फोनवर 'थोडं सहन कर' म्हणण्याआधी तिकडच्या एखाद्या नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराशी बोलून घ्यावं. आणि सवलतीचा अर्ज करण्याच्या आत बोलावं, कारण तो मंजूर झाला की तिचा आधीचा डिपेंडंट परवाना संपतो.